नक्कल आणि अस्सल : बाळाच्या रक्तातील पहिली दीड वर्षे

१/ कुलाबा जिल्ह्याचे नाव १ जानेवारी १९८१ रोजी ‘रायगड’ झाले. त्याच वर्षी ५ जूनला अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांना झालेल्या विचित्र न्यूमोनियाची एक छोटी नोंद छापली गेली. या दोन नोंदींचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. तो पुढे जडला, आणि त्यात ज्यांनी सर्वाधिक सोसले ती माणसे तेव्हा जन्मलीही नव्हती.

२/ आजचा धागा मोठा आहे. विषय : एचआयव्ही असलेल्या आईच्या पोटी जन्मलेल्या बाळाची प्रतिकारशक्ती, आणि ती नीट वाचता येण्यास लागलेली वर्षे. किल्ले, आरमार आणि मोडी कागद यांच्या रांगेत हा विषय कुठून आला, असे काहींना वाटेल. पण यातील मुख्य पेच थेट आपल्याच विद्याशाखेचा आहे : हाती आलेला कागद अस्सल आहे की नक्कल? राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली ती याच प्रश्नापायी. बखर लिहिणाऱ्याने जे ऐकले ते लिहिले. अस्सल पत्र मात्र घटनेच्या वेळचे असते. नवजात बाळाच्या रक्तातही या दोन्ही प्रकारची साधने एकाच दप्तरात बांधलेली असतात.

३/ प्रथम नकलेविषयी. १८९२ मध्ये बर्लिनच्या पॉल एर्लिशने उंदरांवर एक साधा पण मूलगामी प्रयोग केला. मादीला वनस्पतिजन्य विषाची थोडी थोडी मात्रा देऊन तिच्यात प्रतिकार निर्माण केला आणि मग तिची पिल्ले तपासली. पिल्लांतही तो प्रतिकार आढळला. त्याने पिल्लांची अदलाबदल करून पाहिली, तेव्हा दुधातूनही तो मिळतो असे दिसले. पण काही आठवड्यांत तो विरून गेला. अर्थ स्पष्ट होता : आई बाळाला प्रतिकार करण्याची विद्या देत नाही, तयार शस्त्रे देते. शस्त्रे संपली की संपली.

४/ ही शस्त्रे म्हणजे प्रतिपिंडे. ती वारेतून बाळाकडे नुसती झिरपत नाहीत, तर निवडून वाहून नेली जातात. असा वाहक असलाच पाहिजे, हे वेल्समधील बांगोर येथील रॉजर्स ब्रॅम्बेल यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस मांडले. प्रत्यक्ष रेणू बऱ्याच काळाने हाती लागला. वाहतूक गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत सर्वाधिक होते. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात ‘आयजीजी’ जातीची प्रतिपिंडे आईइतकी किंवा तिच्याहून किंचित अधिकच असतात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचा भाता अर्धा रिकामा असतो, तो यामुळेच.

५/ हे सर्व आपल्या घरात रोजच्या व्यवहारात आहे, फक्त त्याकडे या नजरेने कोणी पाहत नाही. गरोदर बाईला धनुर्वाताचे इंजेक्शन देतात, ते तिच्यापेक्षा नाळ कापताना बाळाला होणाऱ्या धनुर्वातासाठी. आणि गोवराची लस जन्मतः न देता नवव्या महिन्यात देतात, कारण तोवर आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात टिकून असतात आणि लसीतल्या विषाणूलाच निकामी करतात. नक्कल विरेपर्यंत थांबायचे, मग अस्सल लिहू द्यायचे.

६/ आता पेच. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी आणि ल्यूक माँटान्ये यांच्या गटाने विषाणू वेगळा केला आणि १९८५ पासून त्याची रक्तचाचणी मिळू लागली. ‘एलायझा’ नावाची ही चाचणी विषाणू शोधत नाही, विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे शोधते. मोठ्या माणसात हे पुरते, कारण त्याची प्रतिपिंडे त्याचीच असतात. नवजात बाळात ती आईची असतात. म्हणजे एचआयव्ही असलेल्या आईचे बाळ, विषाणू त्याच्यात शिरला असो वा नसो, जन्मतः ‘पॉझिटिव्ह’च दिसणार.

७/ शिरला असो वा नसो, हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार काहीही उपचार न करता, स्तनपानाचा काळ धरून, आईकडून बाळाकडे लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के आहे. उलटे वाचा : काहीही न करता निम्म्याहून अधिक बाळे सुटतात. तरी जन्माच्या वेळी कागदावर सगळ्यांच्या नावापुढे शिक्का एकच.

८/ भारतात एचआयव्हीचा पहिला शोध १९८६ मध्ये चेन्नईत लागला. डॉ. सुनीती सोलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या तरुण संशोधिकेने जमवलेल्या रक्तनमुन्यांतून तो निघाला. काही वर्षांतच महाराष्ट्र, विशेषतः मुंबई आणि पुणे, या साथीच्या केंद्रस्थानी आले. ऑक्टोबर १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था पुण्यातच उभी राहिली.

९/ किनारा यापासून दूर नव्हता. रेवस-मांडव्याचा माणूस पिढ्यानपिढ्या भाऊच्या धक्क्यावर उतरत आला आहे. म्हसळा, श्रीवर्धन, माणगावच्या कित्येक घरांचा एक पाय गिरणगावात होता. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले आणि उरण-पनवेलच्या रस्त्यांवर देशभरचे ट्रक उभे राहू लागले. पुरुष शहरात, बायको गावात, भेट गणपती-शिमग्याला. ही कोकणातील संसाराची जुनी रीत. विषाणूला याहून सोयीचा मार्ग कोणता?

१०/ या मार्गाचा पुरावा पुण्यातून आला. १९९७ मध्ये डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या ज्या स्त्रिया वेश्याव्यवसायात नव्हत्या, ज्यांचा एकमेव संबंध नवऱ्याशी होता, अशांमध्येही संसर्ग मोठ्या प्रमाणात सापडला : ३९१ जणींत १३.६ टक्के. त्या काळच्या जनजागृतीचा सारा रोख ‘वाईट वस्ती’वर होता. संसर्ग मात्र मंगळसूत्र घालून गावी परतत होता. माझ्या मते महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील हा एक महत्त्वाचा आणि फारच कमी वाचला गेलेला दस्तऐवज आहे.

११/ त्यात आपल्याकडची पद्धत पहिलटकरणीला माहेरी धाडण्याची. नाव मुंबईच्या दवाखान्यात, बाळंतपण तळ्याला किंवा मुरुडला, आणि तीन महिन्यांनी बाळ पुन्हा सासरी. अशा बाळाची दीड वर्षे नोंद ठेवणे हे काम किती बिकट, याची कल्पना करा.

१२/ दीड वर्षे कशाला? कारण आईची प्रतिपिंडे पूर्ण जायला तेवढा अवधी लागू शकतो. त्यांचे प्रमाण साधारण तीन-चार आठवड्यांत निम्मे होते, पुन्हा निम्मे, पुन्हा निम्मे. बहुतेक बाळांत वर्षाच्या आतबाहेर ती दिसेनाशी होतात, पण खात्रीसाठी अठरा महिन्यांची मर्यादा धरली गेली. अठरा महिन्यांनंतरही चाचणी पॉझिटिव्ह आली, तर ती प्रतिपिंडे बाळाने स्वतः केलेली. म्हणजे लागण झालेली. तोपर्यंत उत्तर एकच : थांबा.

१३/ थांबण्याची किंमत आकड्यांत सांगता येते. आफ्रिकेतील अनेक अभ्यासांचे एकत्र विश्लेषण २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्यानुसार उपचार न मिळालेल्या, लागण झालेल्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक दुसऱ्या वाढदिवसापूर्वीच दगावली. म्हणजे अठराव्या महिन्याला मिळणारे उत्तर मुख्यतः जगलेल्यांसाठी होते. बाकीच्यांच्या मृत्यूपुढे न्यूमोनिया, जुलाब, क्षय अशी कारणे लागली. त्यांची गणती नेमकी करणे आज कोणत्याही दप्तरातून शक्य नाही.

१४/ मग अस्सल साधन कोणते? विषाणूची स्वतःची जनुकीय प्रत. एचआयव्ही पेशीत शिरला की आपला मजकूर पेशीच्या डीएनएमध्ये घुसवतो. आईकडून आलेली प्रतिपिंडे हा मजकूर आणू शकत नाहीत. तो सापडला तर लागण बाळाचीच. कॅरी मुलिसने १९८३ मध्ये कल्पिलेल्या ‘पीसीआर’ तंत्राने असा मजकूर अब्जावधी पट वाढवून वाचता येऊ लागला, आणि १९८९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी नवजात बाळांत तो याच रीतीने शोधल्याचे प्रसिद्ध केले. ही तारीख लक्षात ठेवा. तिच्याकडे परत येऊ.

१५/ दरम्यान औषधांची बाजू सरकत होती. १९९४ मध्ये अमेरिका-फ्रान्समधील चाचणीने दाखवले की गर्भारपणात, प्रसूतीवेळी आणि नंतर बाळाला झिडोव्हुडिन दिले तर लागण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर येते. उपचार लांबलचक आणि महाग. १९९९ मध्ये कंपालातून सोपा मार्ग आला : प्रसूतीकळा सुरू होताच आईला नेव्हिरॅपीनची एक गोळी आणि बाळाला एक मात्रा. १४ ते १६ आठवड्यांच्या वयात लागण २५.१ टक्क्यांऐवजी १३.१ टक्के. भारताने २००० पासून निवडक वैद्यकीय महाविद्यालयांत आधी झिडोव्हुडिन, मग नेव्हिरॅपीन अजमावून पाहिले आणि कार्यक्रम देशभर नेला.

१६/ याच टप्प्यावर पुण्याचे ससून रुग्णालय आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय जगाच्या नकाशावर आले. एकच मात्रा प्रसूतीपुरती. पण दुधातून होणाऱ्या लागणीचे काय? इथिओपिया, युगांडा आणि पुणे येथे एकाच वेळी प्रयोग झाला : बाळाला आठव्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत रोज नेव्हिरॅपीन. २००८ मध्ये निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. सहा आठवड्यांच्या वयात लागण ५.३ ऐवजी २.५ टक्के. सहा महिन्यांना मात्र ९.० विरुद्ध ६.९, म्हणजे औषध थांबले, दूध चालू राहिले, आणि फरक इतका घटला की संख्याशास्त्र त्याला निःसंशय म्हणेना. या अर्ध्या यशातूनच पुढचे धोरण सुचले : स्तनपान आहे तोवर औषधाचे छत्र हवे.

१७/ ‘दूधच बंद करा’ हा सोपा सल्ला का चालला नाही, याचे उत्तरही पुण्यातच आहे. डॉ. मृदुला फडके आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले की एचआयव्ही असलेल्या मातांची जी बाळे वरच्या दुधावर होती, त्यांना जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात रुग्णालयात दाखल करण्याची वेळ फार वेळा आली. कारण आईचे दूध हे नुसते अन्न नाही. चिकापासूनच त्यात ‘आयजीए’ प्रतिपिंडे असतात. ती रक्तात न जाता बाळाच्या आतड्याच्या अस्तरावर पहारा देतात. दूध तोडले की विषाणूची वाट बंद होते, आणि पहाराही उठतो.

१८/ सर्वांत अनपेक्षित निष्कर्ष दरबानचा, १९९९ सालचा : निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांत लागण कमी, दूध आणि वरचे दोन्ही घेणाऱ्यांत जास्त. वरच्या अन्नपाण्याने आतड्याचे कोवळे अस्तर दुखावते आणि विषाणूला फट मिळते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. आता आपली मधाची चाटण, गुळाचे पाणी आणि आजीची बाळगुटी आठवा. घरातील सर्वांत मायेचा विधी या एका बाळापुरता धोक्याचा होता, आणि हे सुनेने सासूबाईंना सांगायचे तर आधी स्वतःचा आजार सांगावा लागणार!

१९/ आता धाग्याच्या गाभ्याकडे. जी बाळे सुटली, त्यांचे काय? त्यांच्या रक्तात अठरा महिन्यांनी आईची नक्कल उरत नाही. पण काहीच उरत नाही का? १९९३ मध्ये सारा रोलंड-जोन्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका बाळाची नोंद दिली : विषाणूचा मागमूस नाही, तरी एचआयव्हीने बाधित पेशी ओळखून मारणाऱ्या टी-पेशी हजर. टी-पेशींची ही ओळख प्रतिपिंडांसारखी वारेतून वाहून येत नाही. ती बाळाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीची नोंद आहे. म्हणजे विषाणू, निदान त्याचे तुकडे, दाराशी आले होते आणि बाळाने त्यांना पाहिले होते.

२०/ पुढे लुईस कून आणि सहकाऱ्यांनी दरबानमधील बाळांचे नाळेतील रक्त तपासले. ज्यांच्या टी-पेशी जन्मतःच विषाणूच्या आवरणाला प्रतिसाद देत होत्या, त्या बाळांना नंतर प्रसूतीतून किंवा दुधातून लागण झालेली आढळली नाही. हा प्रतिसाद ढाल होता की केवळ थोडक्यात चुकलेल्या संपर्काची खूण, यावर शास्त्रज्ञ अद्याप भांडतात. मला दुसऱ्या शक्यतेतही तितकेच तथ्य वाटते; युद्ध झाले नाही याचा पुरावा आणि युद्ध जिंकले याचा पुरावा दप्तरात पुष्कळदा सारखाच दिसतो. पण ‘नवजात बाळाची प्रतिकारशक्ती म्हणजे कोरी पाटी’ हा समज मात्र इथे निकालात निघाला.

२१/ सुटलेल्या बाळांची कहाणी सारी गोड नाही. २०११ मध्ये केपटाउनजवळच्या खायेलित्शा वस्तीतील अभ्यासात दिसले की एचआयव्ही असलेल्या मातांची निरोगी बाळे डांग्या खोकला, धनुर्वात, न्यूमोकॉकस यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे आईकडून कमी घेऊन जन्मतात. आईच्याच भात्यात बाण कमी, तर लेकराला कुठून मिळणार? दिलासा असा की नेहमीच्या लसी मिळाल्यावर याच बाळांनी उत्तम, काही बाबतींत इतरांहूनही जोमदार प्रतिसाद दिला. आईकडून आलेली प्रतिपिंडे कमी असल्याने लसीला अडथळाही कमी झाला, अशी त्याची एक उपपत्ती आहे. पाचव्या नोंदीतील गोवराची गोष्ट आठवा.

२२/ क्षयाचे मात्र वेगळे. पुण्यात २००२ ते २००५ या काळात ७१५ एचआयव्हीबाधित बाळंतिणींचा मागोवा घेतला गेला. त्यांतील २४ जणींना क्षय झाला आणि अशा मातांच्या बाळांचा मृत्यूचा धोका ३.४ पट आढळला. इथे बीसीजी लसीचा प्रश्न उभा राहतो. ती जिवंत जंतूंची लस. लागण झालेल्या बाळाच्या दुबळ्या प्रतिकारशक्तीत तोच जंतू शरीरभर पसरू शकतो. म्हणून २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की लागण निश्चित असलेल्या बाळाला बीसीजी देऊ नका. पण आपल्याकडे बीसीजी जन्मतःच देतात, आणि जन्माच्या क्षणी ‘निश्चित’ काहीच नसते. पुन्हा तोच कागद, तोच पेच.

२३/ आता १९८९ कडे परत. पीसीआरने बाळाचे निदान शक्य झाले तेव्हा आपल्या किनाऱ्यावरच्या बाळांपर्यंत ते का पोहोचले नाही? यंत्रे महाग, प्रयोगशाळा मोजक्या, हे एक कारण. दुसरे अधिक कठोर : निदान करून देणार काय? सरकारी पातळीवर मोफत औषधे १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली, मुलांसाठीचा स्वतंत्र कार्यक्रम २००६ मध्ये. २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील चाचणीने सिद्ध केले की लक्षणांची वाट न पाहता पहिल्या बारा आठवड्यांत उपचार सुरू केले तर बाळांचे मृत्यू ७६ टक्क्यांनी घटतात. यानंतर अठरा महिने थांबणे असमर्थनीय झाले. भारतात बाळांच्या लवकर निदानाचा कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. तंत्र आणि बाळ यांच्यात २१ वर्षांचे अंतर.

२४/ ते अंतर ज्या वस्तूने मिटवले ती अगदी साधी : गाळणकागदाचे कार्ड. सहा आठवड्यांच्या बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे काही थेंब कार्डावर घ्यायचे, सावलीत वाळवायचे, पाकिटात घालून दूरच्या प्रयोगशाळेला पाठवायचे. शीतपेटी नको, बर्फ नको. रॉबर्ट गथ्री यांनी १९६३ मध्ये अमेरिकेत एका चयापचय विकारासाठी रूढ केलेली ही युक्ती. आणि सहावा आठवडा का? कारण त्याच सुमारास पहिल्या लसींसाठी बाळ दवाखान्यात येतेच. पावसाळ्यात आमच्याकडे कागद वाळवणे हा प्रकार किती जिकिरीचा, हे मोडी कागद हाताळणाऱ्यांना सांगायला नको. म्हणून पाकिटात ओल शोषणाऱ्या पुड्या घालतात.

२५/ १ जानेवारी २०१४ पासून प्रत्येक एचआयव्हीबाधित गरोदर स्त्रीला, तिच्या पेशींची मोजणी कितीही असो, आजन्म औषधे देण्याचे धोरण भारताने स्वीकारले. बाळाचे कार्ड सहा आठवड्यांना, मग पुढच्या तपासण्या, आणि शेवटची प्रतिपिंड चाचणी आजही अठराव्या महिन्यालाच. २०१७ च्या कायद्याने संमतीविना कुणाची स्थिती उघड करणे आणि भेदभाव करणे हे दोन्ही बेकायदा ठरवले.

२६/ शेवटी एक नोंद, जी मला या साऱ्या दप्तरात सर्वांत विलक्षण वाटते. १९९० च्या दशकात नैरोबीत स्तनपानाविषयीच्या एका अभ्यासात सहा आठवड्यांच्या एका बाळाच्या रक्तातून विषाणू मिळाला. त्याला ‘बीजी५०५’ असे सांकेतिक नाव आहे. त्याचे आवरण-प्रथिन प्रयोगशाळेत विलक्षण स्थिर राहते, आणि २०१३ मध्ये त्यावरूनच एचआयव्हीच्या आवरणाची तपशीलवार रचना उलगडली. लसीवर काम करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत आज तेच प्रथिन वापरात आहे. नैरोबीच्याच लागण झालेल्या बाळांत २०१४ मध्ये असेही आढळले, की विषाणूच्या अनेक वाणांना एकाच वेळी रोखणारी प्रतिपिंडे, जी प्रौढांत घडायला कित्येक वर्षे घेतात, काही बाळे वर्षभरातच घडवू लागतात. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. कल्पना लूथरा यांच्या प्रयोगशाळेने भारतीय मुलांच्या रक्तातून अशी प्रतिपिंडे वेगळी केली आहेत. ती आईकडून आलेली नाहीत. ती त्या मुलांची स्वतःची, अस्सल.

२७/ पुण्याच्या त्या चाचणीत २००२ मध्ये दाखल झालेली बाळे आज माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच लहान आहेत. प्रश्न असतील तर खाली विचारा. पुढचा धागा १८९७ च्या प्लेगचा आणि भायखळ्यातील हाफकिनचा.